भिंगरी फरशीवर बसत नाही

समोरच्या बंगल्यातला लॅब्रॅडॉर 'सिट' हा शब्द पुरा व्हायच्या आत बसतो. 'शेकहँड' म्हटलं की उजवा पंजा देतो, बिस्किट यायला उशीर झाला तर डावाही देऊन बघतो. आमची भिंगरी त्याच पुड्यातल्या मारी बिस्किटाचा वास घ्यायची, माझ्या तोंडाकडे एकदा बघायची आणि अंगणात ऊन जिथं सरकलं असेल तिथं जाऊन पाय ताणून पडायची. "हट्टी आहे हो तुमची कुत्री," हे गल्लीतल्या सगळ्यांचं सांगून झालं होतं. तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. मी जे देऊ करत होते त्यात तिला काही राम वाटत नव्हता, इतकंच.

भिंगरी कारवान जातीची. आमच्या सांगली-जत-सोलापूर भागात 'कारवानी' म्हणतात, कर्नाटकात गेलं की तीच मुधोळ हाउंड होते. जतकडे माझ्या मावसभावाची डाळिंबाची बाग आहे, तिथल्या राखणीच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं हे एक, अडीच महिन्यांचं, पायच पाय असलेलं पिल्लू तो पाटीत घालून घेऊन आला. देताना म्हणाला, "ताई, ही ऐकणार न्हाई हं. बघंल, इचार करंल, मग तिला वाटलं तर करंल." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण या जातीचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुधोळ इथून काही फार लांब नाही. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्यातली जोडी भेट दिली, हे इकडं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. 2016 मध्ये तर लष्कराने या जातीची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. ही बातमी माझ्या नवऱ्याला नको तेव्हा आठवायची. मी हातात अंड्याचा तुकडा घेऊन अंगणात ओणवी झालेली असायची, भिंगरी माझ्याकडे पाठ करून कावळा बघत असायची, आणि हा पायरीवर चहा पीत म्हणायचा, "लष्करात गेलेली जात आहे म्हणे."

मुद्दा असा की लॅब्रॅडॉर आणि कारवान यांचं पिढीजात कामच वेगळं. लॅब्रॅडॉरच्या वाडवडलांनी बंदूकवाल्याच्या पायाशी थांबायचं, त्याने सांगितलं की जायचं, पडलेला पक्षी उचलून त्याच्या हातात आणून द्यायचा. सारखं माणसाच्या तोंडाकडे बघणं हाच त्यांचा धंदा. कारवान नजरेवर शिकार करणारं कुत्रं. माळावर ससा उठला की माणूस मागं राहतो, कुत्रं पुढं जातं, आणि ससा कुठं वळेल, आपण कुठून कापायचं, हे त्याचं त्याने धावता धावता ठरवायचं असतं. मागून मालक काय म्हणतो याची वाट बघणारं कुत्रं तिथं उपाशीच राहिलं असतं. शिकारीवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, पण शेकडो वर्षांची घडण कायदा झाला म्हणून अंगातून जात नाही. एवढं डोक्यात पक्कं असलं की पिल्लाचा राग कमी येतो.

पहिले काही आठवडे मी कमांड असं काही शिकवलंच नाही. लसी पुऱ्या व्हायच्या होत्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाच्या भीतीने डॉक्टरांनी तिला रस्त्यावर जमिनीवर सोडायला मनाई केली होती, पण तेच डॉक्टर हेही म्हणाले की घरात कोंडून ठेवू नका, उचलून घेऊन फिरवा. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ऐकतं, ते त्याला पुढं ओळखीचं वाटतं. त्या वयात जे बघायचं राहून गेलं, त्याची धास्ती बसू शकते. म्हणून मी तिला शालीत गुंडाळून विश्रामबाग चौकात उभी राहायचे. एस.टी., वडाप, बँडवाले, हेल्मेट घातलेली माणसं, भाजीवाल्याचा भोंगा. लोक बघत. बँकेतल्या एका सहकाऱ्याने स्कूटर थांबवून विचारलंही, "मॅडम, काही अडचण आहे का?" असे प्रश्न येणारच. कारवान मुळात अनोळखी माणसाला अंतरावर ठेवणारी जात, तिचं हे वय वाया घालवणं परवडत नाही.

त्याच काळात दोन गोष्टी घरात करून घेतल्या. एक म्हणजे नाव. 'भिंगरी' म्हटलं, तिने मान वळवली, की तोंडात काहीतरी. तिच्याकडून आणखी काही मागायचं नाही. दुसरी म्हणजे खुणेचा आवाज. अमेरिकेत कॅरन प्रायर नावाच्या बाई 1960 च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, ढकलता येत नाही, रागावलं तर तो पोहत निघून जातो. म्हणून त्याने हवं ते केलं त्या क्षणी शिट्टी, आणि मग मासा. पुढं हीच रीत त्यांनी कुत्र्यांच्या मालकांपर्यंत नेली, शिट्टीच्या जागी टिकटिक वाजणारी डबी आली. मला ही गोष्ट वाचल्या वाचल्या पटली, कारण भिंगरीचं वागणं डॉल्फिनच्या जवळचं होतं. डबी मी घेतली नाही. जुन्या बॉलपेनची खटखट पुरली. खट वाजलं की खाऊ, एवढंच आधी तिच्या डोक्यात बसवलं. या खटचा उपयोग असा की खाऊ खिशातून काढून तोंडापर्यंत न्यायला वेळ लागतो, तेवढ्यात पिल्लाने आणखी तीन गोष्टी केलेल्या असतात. आपण नेमकं कशाचं बक्षीस देतोय हे त्याला कळत नाही. खटका क्षणात वाजतो.

खाऊचा शोध हे मात्र वेगळंच प्रकरण. मारी बिस्किट बाद. दुकानातले तयार दाणे बाद, ते ती जेवणातही नाइलाजाने खायची. पनीर ठीक. उकडलेलं अंडं बरं. मीठ न घालता उकडलेल्या चिकनवर मात्र तिचे कान मागे गेले आणि तिने पहिल्यांदा माझ्या हाताकडे नीट बघितलं. तुकडे वाटाण्याएवढे, त्याहून मोठे नाहीत, नाहीतर पाच मिनिटांत पोट भरतं आणि शाळा सुटते. अगदी अवघड कामासाठी सुकट, पण पाण्यात भिजवून, खारटपणा काढून, पुन्हा वाळवलेली. माझ्या बॅगेला तेव्हापासून जो वास आहे तो आहे.

इथंच घरात एकदा चांगलीच पळापळ झाली. आमच्याकडे तासगावचा बेदाणा डब्यात कायम असतो. सासूबाई देवाला दाखवलेला मूठभर बेदाणा तिला घालायला निघाल्या होत्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणूस मजेत खातो ते कुत्र्याला चालतंच असं नाही, कांदा आणि चॉकलेटचंही तेच. मी ओरडलेच. आई दुखावल्या. "द्राक्षाच्या गावात राहून कुत्र्याला द्राक्ष चालत नाही म्हणतेस?" त्यांना डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं तेव्हा पटलं. त्या दिवसापासून मात्र बेदाण्याचा डबा वरच्या फळीवर आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः बजावतात.

आता 'बस'.

पुस्तकी पद्धत अशी: खाऊ नाकासमोर धरायचा, हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर जाते, ढुंगण आपोआप खाली टेकतं. भिंगरीची मान वर जायची आणि ती चार पावलं मागे चालायची. भिंतीशी घेतलं तर उडी मारायची. नवऱ्याने एकदा कमरेवर हात ठेवून खाली दाबून बघितलं. कुत्र्याला दाबलं की ते उलट जोर लावतं, ती ताठ उभी राहिली आणि नंतर अख्खी संध्याकाळ त्याच्या हाताला चकवत होती. दाबायचं नाही हे तिथंच ठरलं.

उलगडा झाला तो मावसभाव आला तेव्हा. तो म्हणाला, "फरशीवर कशाला बसंल ती? टोचतंय की तिला." मी तिच्या कमरेवरून हात फिरवून बघितला. मांस कमी, हाडं वर, चरबी नावाला नाही, केस मखमलीसारखे आखूड. आणि आमची फरशी गार आणि गुळगुळीत. वर त्या लांब, घट्ट मांड्या. वेगाने पळायला घडलेल्या कुत्र्याला मागच्या पायांची घडी घालून टेकणं तसंही सुखाचं नसतं, ती एकतर उभी असतात नाहीतर आडवी. म्हणजे मी तिला सगळ्यात अवघड गोष्ट, सगळ्यात वाईट जागेवर, मारी बिस्किटाच्या मोबदल्यात करायला सांगत होते.

मग उलटा क्रम लावला. जुनी घोंगडी चार पदरी करून अंगणात टाकली आणि आधी 'आडवी' शिकवलं, कारण ते तिला तसंही आवडायचं. ती घोंगडीवर स्वतःहून पडली की खट, खाऊ. पुन्हा उठली, पुन्हा पडली, खट. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती मला बघितलं की घोंगडीवर जाऊन धपकन पडायला लागली आणि वर बघायला लागली, काढ म्हणून. तेव्हा कुठं मी त्या पडण्याला शब्द जोडला. शब्द शेवटी जोडायचा, ही या सगळ्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. आधीपासून 'बस बस बस बस' करत राहिलं की तो शब्द कुकरच्या शिट्टीसारखा घरातला एक आवाज होऊन जातो.

आणि 'बस' तिने आपणहून दिलं. आडवी पडताना किंवा उठताना मधे एक क्षण ती बसलेली असते. तो क्षण पकडून खट वाजवत गेले. काही दिवस ती गोंधळली, मधेच अर्धवट थबकायची. मग एका सकाळी घोंगडीवर व्यवस्थित बसली, ताठ मानेनं, पुढचे पाय जुळवून. घोंगडीवरून सतरंजी, सतरंजीवरून पायपुसणं, पायपुसण्यावरून मातीत. फरशीवर अजूनही ती टेकत नाही, चार बोटं वर राहते. मी ते चालवून घेते.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: कुत्र्याला अंगणात आलेलं स्वयंपाकघरात येत नाही. म्हणजे शिकलेलं त्या जागेला, त्या माणसाला, त्या वेळेला चिकटलेलं असतं. अंगणात दहापैकी दहा वेळा बसणारी भिंगरी फाटकाबाहेर 'बस' म्हटलं तर माझ्याकडे अशी बघायची की जणू मी कानडीत बोलले. प्रत्येक नव्या जागी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, फक्त दर वेळी वेळ कमी लागतो. आणि हाताची खूण तोंडच्या शब्दाच्या आधी कळते. तळहात वर उचलला की बस, खाली दाबला की आडवी. घरात माझी मुलगी 'सिट', नवरा 'बैस', सासूबाई 'खाली बस गं बाई', अशी चार तोंडं होती. शब्दांवरून वाद घालण्यापेक्षा सगळ्यांना हाताची खूण शिकवली आणि फ्रिजवर पाच शब्द लिहून लावले: बस, आडवी, थांब, सोड, ये. सहावा कुणी वापरायचा नाही. सासूबाई फ्रिजकडे बघून म्हणाल्या, "कुत्रीला शिकवतीयस का आम्हाला?" दोघांनाही, आई.

वेळ मी ठरवून घेतली होती. सकाळी बँकेत जायच्या आधी पाच मिनिटं, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा पाच मिनिटं, संपलं. पिल्लाचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही, आणि ती कंटाळायच्या आत आपण थांबलो तर दुसऱ्या दिवशी ती आपल्या आधी घोंगडीवर हजर असते.

मधल्या काळात एका ट्रेनरलाही बोलावलं होतं. नातेवाइकांचा आग्रह. त्यांनी येताना काटेरी साखळी आणली आणि अर्धा तास मला सांगितलं की कुत्रं घरात म्होरक्या व्हायला बघतं, तुम्ही आधी जेवा, दारातून आधी तुम्ही जा, त्याला उताणं पाडून धरा, मग ते मानेल. हे 'म्होरक्या'चं खूळ कुठून आलं ते माहीत असेल तर राग येण्याऐवजी गंमत वाटते. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी 1947 मध्ये कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, त्यावरून पुढं सगळे कुत्र्यांचे नियम बांधले गेले. रानातल्या लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये मांडलं. आपण पूर्वी लिहिलेली 'अल्फा'ची, म्हणजे म्होरक्याची, भाषा सोडा, असं त्यांनीच लोकांना सांगितलं. आमच्या पाहुण्यांपर्यंत ते पोचलं नसावं. चहा देऊन त्यांना निरोप दिला. कारवानच्या मानेवरची कातडी इतकी पातळ असते की काटेरी साखळीने काय झालं असतं याचा विचारही नको.

गळपट्ट्याचा वेगळा घोळ होता. या कुत्र्यांचं डोकं निमुळतं आणि मान त्याहून जाड. साधा पट्टा कितीही आवळा, मागे सरकून मान खाली घातली की पट्टा आपल्या हातात आणि कुत्री रस्त्यावर. आमच्याकडे हे एकदा भर रस्त्यात झालं, नशीब की ती समोरच्या रसवंतीत शिरून चोथ्याच्या ढिगावर चढून बसली. नंतर रुंद मार्टिंगेल पट्टा घेतला, ओढला की थोडा आवळतो आणि तिथंच थांबतो, गळा दाबत नाही. चालताना ताण आला की मी जागच्या जागी उभी. दोरी सैल झाली की चालायला लागायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंतही पोचत नव्हतो आणि गिरणीवाले रोज विचारत, "आज कुठवर?"

'सोड' हे दातांच्या दिवसांत शिकवलं. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात, सातव्यापर्यंत बेचाळीस पक्के येतात, आणि मधे हिरड्या शिवशिवत असल्याने घरातलं काहीही चालतं. माझी एक कोल्हापुरी गेली, सोफ्याचा कोपरा गेला. तोंडातून ओढून घ्यायचं नाही हे पथ्य पाळलं, कारण ओढलं की तो खेळ होतो, आणि रोज ओढत राहिलं की कुत्रं वस्तू राखायला, गुरगुरायला शिकतं. चपलेच्या बदल्यात चिकन. आधी ती चप्पल टाकून चिकन खायची, मग 'सोड' म्हटल्यावर टाकायला लागली. यात ती इतकी तरबेज झाली की काही दिवसांनी चिकन हवं असलं की मुद्दाम चप्पल आणून माझ्यासमोर उभी राहायची. व्यवहार तिला समजला होता. मग मी चपला कपाटात आणि चघळायला ओला गोठवलेला फडका, असा तोडगा काढला.

'थांब' सोपं गेलं, त्यावर फार लिहीत नाही. फाटक उघडायच्या आधी थांबायचं, ताट खाली ठेवायच्या आधी थांबायचं. थांबल्याशिवाय फाटक उघडतच नाही, वेगळा खाऊ लागत नाही.

खरा डोंगर 'ये' हा होता. बाकी सगळं एक वेळ नाही आलं तरी चालेल, पण जे कुत्रं क्षणात ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने निघतं ते हाकेला परत आलं नाही तर मिरज रस्त्यावर त्याचं काय होईल हे सांगायला नको. त्यामुळे याला मी घाई केली नाही. घरातच सुरू केलं. मुलगी एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, आळीपाळीने हाक, आली की खट, खाऊ आणि मोठ्याने कौतुक. मग अंगण. मग कृष्णाकाठच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, पीक निघालेल्या एका ओळखीच्यांच्या रानात, दहा मीटर सुती दोरी बांधून.

या एका शब्दाला काही पथ्यं पाळली आणि घरच्यांनाही पाळायला लावली. 'ये' म्हणून बोलावून अंघोळ घालायची नाही, नखं कापायची नाहीत, रागवायचं तर अजिबातच नाही. तसलं काही करायचं असलं तर आपण उठून तिच्याकडे जायचं. एकदाच हाक मारायची. आली नाही तर दोरीने हळूच जवळ घ्यायचं, पण दुसऱ्यांदा ओरडायचं नाही. आणि आल्यावर लगेच पट्टा लावून घरी न्यायचं नाही, नाहीतर 'ये' म्हणजे खेळ संपला एवढंच कुत्रं शिकतं. दहा वेळा बोलवावं, नऊ वेळा पुन्हा सोडून द्यावं.

तरी टिटवी उठली की सगळं पाण्यात. त्या मळीत टिटव्या भरपूर, आणि टिटवी जमिनीवरून आधी थोडं पळते मग उडते, म्हणजे भिंगरीसाठी निमंत्रणच. त्या वेळी चिकन, सुकट, माझा आवाज, काहीही तिच्यापर्यंत पोचत नसे. दोरी ताठ व्हायची, मी फरफटत. खाऊ वाढवून उपयोग नव्हता. पळण्याच्या पुढं तिला खाणंच नको होतं. मग पळणंच बक्षीस करायचं ठरवलं. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं एक तत्त्व आहे, आपल्या घरोघरच्या आया ते न शिकता वापरतात: आधी दूध पी, मग खेळायला जा. जास्त आवडणारी गोष्ट कमी आवडणाऱ्या गोष्टीनंतर मिळाली की कमी आवडणारी गोष्टही होऊ लागते. मी वेताच्या काठीला दोरी आणि दोरीला जुन्या साडीची चिंधी बांधली. भिंगरी हाकेला आली की चिंधी जमिनीवरून सुसाट फिरवायची, तिने पाठलाग करायचा, पकडायची, झटकायची, 'सोड' म्हटलं की सोडायची. चिंधी पळाली की तिच्या अंगात जे यायचं ते बघून माझी मुलगी म्हणाली, "आई, ही आत्तापर्यंत झोपेत होती का?"

त्या चिंधीने काम केलं. आवाजाऐवजी शिट्टी घेतली, ती वाऱ्यातही पोचते आणि तिच्यात माझी भीती किंवा चिडचिड मिसळत नाही. शिट्टी वाजली की मागे चिंधी आहे हे तिला पक्कं झालं. टिटवी लांब असली तर ती शिट्टीला अर्ध्यातून वळायला लागली. टिटवी जवळ असली तर नाही.

आणि मग आठवा महिना उजाडला. सगळं येत असलेली कुत्री मला ओळख देईना. 'बस' म्हटलं तर उभी, 'ये' म्हटलं तर बांधावर वास घेत. विशेष म्हणजे मुलीची एक मैत्रीण घरी यायची, तिने हात वर केला की बसायची. अपमानच होता तो. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांचं 2020 मधलं एक काम तेव्हा वाचनात आलं. त्यांनी पाच महिन्यांच्या आणि आठ महिन्यांच्या कुत्र्यांना 'बस' सांगून बघितलं. वयात येणारी कुत्री आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्याचं मात्र ऐकत होती. कुत्र्यांनाही ते वय असतं आणि ते सरतं. मुलगी स्वतः चौदा वर्षांची असल्याने घरात दोन्ही उदाहरणं एकदमच चालू होती. मी नवीन काही शिकवणं बंद केलं, दोरी पुन्हा लांब ठेवली, घोंगडी पुन्हा काढली आणि तीच ती पाच मिनिटं चालू ठेवली. सुधारलं, पण त्याला पावसाळा जावा लागला.

आता ती दीड वर्षाची आहे. पाचही शब्द तिला येतात. शेकहँड येत नाही, मी शिकवलं नाही, आणि पाहुण्यांना पंजा देण्याची तिची तयारी असेल असं वाटतही नाही. अनोळखी माणूस आला की ती उठून तीन हात लांब जाऊन उभी राहते, भुंकत नाही, आणि 'आडवी' म्हटलं की पडते, पण नजर हलवत नाही. मला एवढं पुरतं.

लोक विचारतात, आता मोकळी सोडता का? नाही. तारेचं कुंपण असलेल्या बागेत, मावसभावाकडे, सोडते. तिथं ती डाळिंबाच्या ओळींमधून जे पळते ते बघायला शेजारच्या वस्तीवरची पोरं बांधावर बसतात. मळीत मात्र दोरी आहे. शिट्टीला ती दहातल्या आठ-नऊ वेळा येते असं म्हणायला हरकत नाही, आणि उरलेल्या एखाद-दुसऱ्या वेळी समोर शेळी असते. ती शेळी कुणाची तरी असते, तिची भरपाई असते, आणि पलीकडे रस्ता असतो. मावसभावाला हे दोरीचं प्रकरण हास्यास्पद वाटतं. तो म्हणतो, "एवढं शिकवलंस तर सोड की आता." मी त्याला म्हटलं, शेळीची किंमत तू देणार असशील तर सोडते. त्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या खेपेला येताना नवी दोरी घेऊन आला, पंधरा मीटरची.